यात तुमचा पगार कुठे आहे?

(नोकरी सुटल्यावर हातात आलेला पैसा धंद्यात घालावा का, या प्रश्नावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने रेडिओवर केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



दिवाळी झाली आणि आमच्या गल्लीतली एक मुलगी नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची, दोन मुलांची आई. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंधरा वर्षं कामाला होता. कारखाना बंद पडला. हिशेबाचे सहा लाख रुपये मिळाले, ते बँकेत ठेवले आहेत. मुलगी म्हणाली, "काका, माझ्या हातच्या पोळ्या सगळ्यांना आवडतात. चौकात एक गाळा बघितलाय. पोळी-भाजी केंद्र काढावं म्हणतोय. तुम्ही बँकेत कर्जं द्यायचात. तुम्हीच सांगा, काढू का?"

आमच्या सांगलीकडे घरात चपाती म्हणतात, पण दुकानाच्या पाटीवर मात्र पोळी-भाजी केंद्रच लिहितात. ते असो.

मी तिला लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बँकेत मी अनेकांची कर्जाची प्रकरणं तपासली, हे खरं आहे. पण या बाबतीत माझी खरी पात्रता वेगळीच आहे. मी स्वतः धंदा काढला होता आणि तो मला बंद करावा लागला. आज तीच हकिकत आधी सांगतो.

तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, २०००-०१ साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी त्यात बाहेर पडले. त्यातला मी एक. वय पन्नाशीचं, अंगात धमक होती आणि हातात रक्कम होती. घराच्या तळमजल्यावर रस्त्याला लागून एक खोली होती. तिथे मी दोन एसटीडी बूथ आणि एक झेरॉक्सचं यंत्र टाकलं. सगळं मिळून अडीच लाख रुपये घातले. उद्घाटनाला पेढे वाटले. बँकेतले मित्र म्हणाले, "सुटलास बाबा, आता कोणाचा साहेब नाही."

पहिलं वर्ष बरं गेलं. रात्री अकरानंतर दर उतरायचे, तेव्हा तर रांग लागायची. सकाळी सातला शटर वर, रात्री साडेअकराला खाली. मधे दुपारी जेवायला दोन तास. म्हणजे दिवसाला साडेचौदा तास मी त्या खोलीत. २००२ साली एसटीडीचे दर एकदम खाली आले. आमचं कमिशन बिलाच्या रकमेवर असायचं, त्यामुळे बिल कमी झालं की कमिशनही कमी. गिऱ्हाईक तेवढंच, गल्ला मात्र हलका.

त्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींनी एक वही काढली. त्या शाळेत गणित शिकवायच्या. मला म्हणाल्या, "महिन्याला हातात किती राहतात?" मी अभिमानाने सांगितलं, "सगळा खर्च जाऊन तीन हजार दोनशे." त्यांनी ते लिहिलं. मग म्हणाल्या, "ही खोली भाड्याने दिली असती तर?" मी म्हटलं, "पंधराशे आले असते." त्यांनी वजा केले. "आणि अडीच लाख बँकेत ठेवले असते तर?" त्या वेळी आठ टक्के धरले तर वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेसोळाशे. तेही वजा केले. वहीत उरले पन्नास रुपये.

"यात तुमचा पगार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

साडेचौदा तास, तीस दिवस, आणि पगार पन्नास रुपये. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले होते. पण स्वतःच्या खोलीचं भाडं, स्वतःच्या पैशाचं व्याज आणि स्वतःच्या श्रमांची किंमत, या तिन्ही गोष्टी मी खर्चात धरल्याच नव्हत्या. घरचं आहे म्हणजे फुकट आहे, अशी माझी समजूत होती. आपल्याकडे बहुतेक छोटे धंदे याच समजुतीवर चालतात, आणि मालकाला वाटतं की धंदा फायद्यात आहे.

खरी चूक मात्र यापुढची आहे. हे आकडे समोर दिसत असूनही मी पुढे दीड वर्ष दुकान चालू ठेवलं. २००३ साली मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले. लोकांच्या खिशात फोन आला आणि बूथमध्ये येणारा माणूस झपाट्याने कमी झाला. झेरॉक्सवर किती दिवस काढणार? पण बंद केलं तर लोक काय म्हणतील? आणि घातलेल्या अडीच लाखांचं काय? या दोन प्रश्नांपायी मी आणखी ऐंशी हजार घालवले. २००४ च्या जूनमध्ये शटर कायमचं खाली ओढलं. त्याच महिन्यात मुलीचा इंजिनिअरिंगला प्रवेश झाला, आणि तिच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतच खड्डा पडला होता. तिला शैक्षणिक कर्ज घ्यावं लागलं. ते तिने नोकरी लागल्यावर फेडलं. कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते विसरता येत नाही.

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, "अगं, काढायचं की नाही ते मागाहून ठरवू. आधी वही आण."

आता त्या वहीतला हिशेब तुम्हीही माझ्याबरोबर करा. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गावात ते वेगळे असतील. पण रीत हीच.

समजा, एक पोळी आठ रुपयांना विकली. कणीक, तेल, गॅस आणि बांधून द्यायचा कागद मिळून तिला तीन रुपये लागले. लाटणाऱ्या बाईला नगामागे दोन रुपये दिले. म्हणजे प्रत्येक पोळीमागे पाच रुपये गेले आणि तीन उरले. हे तीन रुपये म्हणजे नफा नव्हे. यातून गाळ्याचं भाडं, वीज, पोचवणाऱ्या मुलाचा पगार, कर्जाचा हप्ता हे सगळं भागवायचं आहे. समजा, त्याचे महिन्याला तीस हजार होतात. तीस हजारांना तीनने भागा. दहा हजार पोळ्या. महिन्यात सव्वीस दिवस काम धरलं तर रोज ३८५ पोळ्या विकल्या तेव्हा कुठे बाहेरची देणी भागली. घरात अजून एक पैसा आलेला नाही.

आता त्यात नवराबायकोचा मिळून वीस हजार पगार घाला. कारण घर चालायला हवं, मुलांची फी भरायला हवी. खर्च झाला पन्नास हजार. रोजच्या पोळ्या झाल्या सुमारे ६४०.

मुलीने आकडा बघितला आणि ती गप्प झाली. मग नवरा म्हणाला, "काका, आपण सात रुपयांना देऊ. गिऱ्हाईक आपोआप वाढेल." हा विचार प्रत्येक नव्या दुकानदाराच्या मनात येतो. करून बघू. सात रुपयांतून पाच गेले, उरले दोन. पन्नास हजारांना दोनने भागलं तर पंचवीस हजार पोळ्या, म्हणजे रोज सुमारे ९६० पोळ्या! भाव फक्त एक रुपयाने उतरवला आणि काम मात्र दीडपट झालं. शिवाय एवढ्या पोळ्या लाटायला बायका जास्त, तवे जास्त, गाळाही मोठा. स्वस्त देऊन गिऱ्हाईक ओढणं मोठ्या भांडवलवाल्याला परवडतं. लहान माणसाने चांगलं, वेळेवर आणि रोज सारखं द्यावं, आणि त्याचा योग्य भाव घ्यावा.

दुसरा प्रश्न उधारीचा. त्यांच्या मनात एका कॅन्टीनला रोज तीनशे पोळ्या देण्याचं होतं. एकरकमी मोठं गिऱ्हाईक मिळालं की माणूस हरखतो. मी विचारलं, "पैसे कधी देणार?" उत्तर आलं, "दोन महिन्यांनी, बिल पास झालं की." तीनशे पोळ्या, सव्वीस दिवस, दोन महिने. पंधरा हजार सहाशे पोळ्या झाल्या. येणं झालं सव्वा लाखाच्या जवळपास. त्यातले पोळीमागे पाच रुपये या हिशेबाने ७८ हजार रुपये तुमच्या खिशातून आधीच गेलेले असतात. कणीकवाला दोन महिने थांबत नाही, लाटणाऱ्या बाईला तर आठवड्याला पैसे द्यावे लागतात. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात दहाची नोट नसते. बँकेत मी पाहिलेले बरेचसे लहान धंदे तोट्याने नव्हे, असे अडकून मेले.

कायदा लहान उद्योगांच्या बाजूने आहे, हे सांगायला हवं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, नाहीतर व्याज द्यावं लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ही पद्धत १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसाही लागत नाही. पैसे घेऊन नोंदणी करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा, एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा असेल तर त्या गिऱ्हाइकाशी कायदा बोलायची हिंमत होत नाही. त्यापेक्षा रोख देणारी तीस घरं बरी.

तिसरा प्रश्न, "सगळ्यांना आवडतात" म्हणजे नेमकं कोणाला? पाहुण्यांना आवडणं वेगळं आणि परक्या माणसाने खिशात हात घालून रोज विकत घेणं वेगळं. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून तिचं उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. १८८८ साली बेळगावला सायकलींचं दुकान निघालं ते ही नोकरी चालू असतानाच. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. नोकरी सुटली ती नंतर. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. वस्तू उत्तम होती, पण गिऱ्हाइकाची खात्री पटायला तेवढा काळ जावा लागला. औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला तो १९१० साली. आपण किर्लोस्करांची फक्त शेवटची पायरी बघतो आणि पहिल्याच दिवशी तिथे पाय ठेवायला जातो.

लिज्जत पापडाचंही तसंच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. गाळा, पाटी, फर्निचर यांपैकी काही नव्हतं. चार पाकिटं विकली गेली म्हणून पुढची लाटली.

चौथा प्रश्न पैशाचा. सहा लाखांतले किती घालायचे? मी सांगितलं, आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढा. मुलांची फी आणि दुखण्याखुपण्याचे पैसे वेगळे ठेवा. ते पैसे धंद्याचे नाहीत असं समजा. उरेल त्यातली जी रक्कम पूर्ण बुडाली तरी घर उभं राहील, तेवढीच धंद्याची. दागिने आणि राहतं घर यांना हात लावायचा नाही.

कर्ज मिळतं का? मिळतं. ८ एप्रिल २०१५ रोजी मुद्रा योजना सुरू झाली. तिच्यात ५० हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून वीस लाखांपर्यंतची सोय झाली आहे. या कर्जाला तारण लागत नाही. पण तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या एकट्याच्या नावावर धंदा असेल तर कायद्याच्या दृष्टीने धंदा आणि मालक एकच. धंद्याचं देणं ते तुमचं देणं. भावाभावांची किंवा मित्रांची भागीदारी असेल तरी एकाने केलेलं धंद्याचं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येतं. म्हणून भागीदारी कागदावर करा. कोण किती घालणार, कोण किती वेळ देणार, आणि वेगळं व्हायचं ठरलं तर हिशेब कसा करायचा, हे गोडी असतानाच लिहा. वाकडं आल्यावर कोणी लिहून देत नाही.

कर्ज यंत्रासाठी घेतलं तर यंत्र हप्त्याचे पैसे मिळवून देऊ शकतं. पण भाडं आणि पगार कर्जातून द्यायची वेळ आली तर ती धोक्याची घंटा समजा.

आणि अन्नाचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी, मग तो घरातून का चालेना. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. हिशेब मांडताना बरेच जण घरच्या गॅसचा भाव धरतात आणि तिथेच चुकतात.

शेवटचा प्रश्न मी विचारला तेव्हा दोघांचे चेहरे उतरले. "बंद कधी करायचं?" मुलीच्या नवऱ्याला ते अशुभ वाटलं. म्हणाला, "काका, सुरू व्हायच्या आधीच?" हो, सुरू व्हायच्या आधीच. कारण सुरू झाल्यावर माणसाला ते ठरवता येत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. किती महिने वाट बघणार आणि किती रुपये जाऊ देणार, हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. त्या रेषेशी पोचलात की घरात बसून पुन्हा विचार करायचा. गेलेले पैसे परत आणण्यासाठी नवे पैसे घालायचे नाहीत. मी हे पान लिहिलं असतं तर २००२ च्या दिवाळीतच शटर खाली आलं असतं आणि ऐंशी हजार वाचले असते.

मंडळी, हे सगळं ऐकून वाटेल की हा माणूस धंदा करू नका म्हणतोय. तसं नाही. नोकरीही आता कायमची राहिलेली नाही, हे त्या मुलीच्या नवऱ्याकडे बघून कळतंच. आणि स्वतःच्या हातच्या वस्तूला परका माणूस पैसे मोजतो तेव्हा जो आनंद होतो, तो मीही त्या पहिल्या वर्षात घेतला आहे. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे तर मला अजिबात मान्य नाही. हिशेब न करता केलेला धंदा कोणालाच जमत नाही, एवढंच.

मग त्या दोघांनी काय केलं? गाळ्याला "थोडं थांबा" सांगितलं. नवऱ्याने तात्पुरती का होईना, एका ठिकाणी नोकरी धरली. मुलीने नोंदणी केली, व्यावसायिक सिलिंडर घेतला आणि घरूनच रोज साठ पोळ्यांनी सुरुवात केली. पहिल्या महिन्यात वहीवरून कळलं की भाजीत तोटा होतोय, कारण संध्याकाळी उरलेली टाकून द्यावी लागते. तिने भाजी बंद केली. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या केल्या, त्यांना चांगला भाव आला. आता रोजच्या एकशेदहा पोळ्या जातात. त्या ती स्वतःच लाटते, म्हणून पोळीमागे पाच रुपये सुटतात. महिन्याला चौदा हजार तीनशे. यात तिचा पगार कुठे आहे, असं मी विचारलं तर ती सांगू शकते, कारण तो वहीत लिहिलेला आहे.

परवा ती वही दाखवायला आली होती. चौकातला गाळा अजून रिकामाच आहे आणि मालक भाडं थोडं कमी करायला तयार आहे. मी म्हटलं, "मग काय ठरवलंस?" तिने वहीचं जुनं पान उघडलं. ६४० चा आकडा तिने लाल पेनाने गोल करून ठेवला होता.

"एकशेदहा आणि सहाशेचाळीस," ती म्हणाली. "काका, गाळा कुठे पळून जात नाही. आधी अजून पन्नास घरं जोडते."

मला वाटतं, तिने धंदा सुरू केला आहे.